आकड्याखालची कणीक

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे बाविसावे कलम वाचताना मसुदा करणाऱ्यांच्या बारीक नजरेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. यंत्र चालू असताना त्याच्या एखाद्या भागाची तपासणी करण्याचा किंवा त्याला वंगण देण्याचा प्रसंग आलाच, तर ते काम करणारा मनुष्य प्रौढ असावा, पुरुष असावा, त्याला त्या कामाची खास तालीम मिळालेली असावी, त्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत, ते कपडे कारखान्याच्या चालकाने पुरवलेले असावेत आणि त्याचे नाव त्याकरिता ठेवलेल्या नोंदवहीत दाखल असावे, असा इत्यंभूत बंदोबस्त तेथे केलेला होता. सैल बाही, खांद्यावरचे उपरणे किंवा धोतराचा सोगा फिरत्या दांड्यात एकदा सापडला की पुढचा मामला मनुष्याच्या हाती उरत नाही, हे ओळखूनच कायद्याने कपड्यांसारख्या खाजगी गोष्टीत हात घातला.

घर हा मात्र कारखाना नव्हे. मुलुंडच्या एखाद्या सातव्या मजल्यावरील सदनिकेत, ग्रॅनाइटच्या ओट्यावर, पाण्याचा फिल्टर आणि डब्यांची चळत यांच्यामध्ये कशीबशी जागा करून ठेवलेले दहा-अकरा किलो वजनाचे स्टँड मिक्सर जेव्हा अर्धा किलो मैद्याचा गोळा फिरवू लागते, तेव्हा त्याच्यापाशी नोंदवही नसते की निरीक्षक नसतो. ते चालवणारी बहुधा स्त्रीच असते, म्हणजे चालू यंत्राजवळच्या ज्या कामासाठी कायद्याने केवळ पुरुषाची नेमणूक केली होती त्याच जातीचे काम ती रोज करत असते. तिच्या गाऊनवर ओढणी असते, मनगटात बांगड्या असतात, गळ्यातले मंगळसूत्र भांड्यात डोकावताना पुढे लोंबत असते, आणि तालीम म्हणावी तर यूट्यूबवर पाहिलेली. या यंत्रांच्या पुस्तिका ज्या देशांत प्रथम लिहिल्या गेल्या तेथे पदर ही वस्तूच नसल्यामुळे, त्यांत सैल कपड्यांविषयी एखादे मोघम वाक्य असते. पदर खोचावा, ओढणी काढून ठेवावी, मंगळसूत्र आत घ्यावे आणि वेणी अंबाड्यात बांधावी, ही आपल्या घरातली कलमे आपणच लिहायची आहेत.

ही भीती अतिरंजित वाटेल त्याने डिसेंबर २०२४ मधली वरळीची घटना आठवावी. रस्त्यावरील चिनी खाद्यपदार्थांच्या एका धंद्यात, मंचुरियनसाठी लागणारे सामान बारीक करणाऱ्या यंत्रात सदरा अडकून एक तरुण कामगार आत ओढला गेला व दगावला. घरगुती मिक्सर त्या यंत्राच्या मानाने लहानखुरा आहे, त्याने माणूस मारल्याचे सहसा कोणी ऐकणार नाही. परंतु बोट, मनगट किंवा केस एवढ्यापुरता त्याचा स्वभाव तोच आहे. वाटणाच्या मिक्सरचे पाते मिनिटाला हजारोंच्या घरात फेरे घेते आणि त्याचा आवाजच माणसाला दूर ठेवतो. स्टँड मिक्सरचा पीठ मळणारा आकडा मिनिटाला साधारण साठ ते सव्वादोनशे फेऱ्यांच्या टप्प्यात फिरतो, आणि कणीक मळण्याचा वेग तर त्याच्याही खालच्या अंगाला असतो. ही संथ गती फसवी आहे. मोटारीचा वेग दातेरी चाकांनी जितका कमी केला जातो तितका आकड्याचा पीळ वाढतो. ज्या जोराने तो चिवट गोळा भांड्याच्या कडेवर दाबतो त्याच जोराने तो त्या फटीत आलेले बोटही दाबणार, आणि गोळा मऊ आहे की बोट, हे कळण्याची सोय त्यात केलेली नाही.

आता मुंबईच्या या उपनगरांत पाव मळणे हा प्रकारच मुळात किती जुना आहे ते पाहू. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी गावे साष्टी बेटावरची, आणि साष्टी १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगीज अंमलाखाली गेली. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या लेण्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी उभारलेल्या मठाचे भग्नावशेष आजही आहेत; अंधेरीच्या सीप्झच्या आवारात, संगणकाच्या आणि जवाहिराच्या कारखान्यांच्या गर्दीत, जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेल्या आणि १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडलेल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये साष्टीवर मराठ्यांचा अंमल बसला, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तिच्यावर कायमचे शिक्कामोर्तब झाले. राज्ये बदलत गेली, पण आंबवलेल्या मैद्याची भाजणी येथून गेली नाही. मरोळ, कोंडिविटे, गोराई येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांत लग्नाच्या आदल्या दिवसांत फुग्यांचे पीठ भिजवले जाते. पूर्वी ताडीने आंबवलेले, अंड्यांनी समृद्ध केलेले ते पातळसर पीठ मोठ्या भांड्यात हाताने झोडपून झोडपून असे हलके करायचे की तेलात सोडलेला उंडा आपसूक फुगावा. त्या झोडपण्यात खांदे भरून येतात. लग्नघरात हे काम पाळीपाळीने करण्याची पद्धत पडली ती बहुधा उत्सवाच्या हौसेइतकीच खांद्यांच्या सोयीने.

आणि आंबवण्याचा भाग सोडला, तर पिठातला चिवटपणा ओळखण्यात मराठी स्वयंपाकघर कोणाला हार जाणारे नव्हे. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लुटेनिन व ग्लायडिन ही दोन प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे जाळे तयार होते, ही गोष्ट रसायनशास्त्राने आपल्या परिभाषेत सांगितली. परंतु पुरणपोळीची सैल कणीक पाणी आणि तेल लावून तिंबायची, ती बोटाला लागून तुटेपर्यंत लांबली पाहिजे, आणि मग ती झाकून मुरू द्यायची, हे आजीला ठाऊक होतेच. खानदेशात खापरावरचे मांडे करणारी बाई हातावर कणीक फिरवत फिरवत तिचा पडदा खाली कोपरापर्यंत उतरवते, तो न फाटता पसरतो, आणि ब्रेड शिकवणाऱ्या पुस्तकांत कणकेचा तुकडा ताणून त्यातून उजेड दिसतो का ते पाहण्याची जी परीक्षा सांगितलेली असते तिचे हे विराट स्वरूप म्हणायला हरकत नाही. म्हणजे आपल्याला नवीन आहे ते मळणे नव्हे. मळणारा हात यंत्राचा असणे नवीन आहे. स्वतःच्या हाताने मळताना कणीक घट्ट झाली की मनगट तक्रार करते, गरम झाली की तळव्याला कळते, आणि थकवा आला की माणूस आपोआप थांबतो व त्या थांबण्याने कणीकही मुरते. यंत्राला हा स्पर्श नाही आणि त्याची थकवा दाखवण्याची रीतही निराळी आहे. तो स्पर्श आणि ती रीत चालवणाऱ्याने शिकून घ्यावी लागते.

या यंत्राची कुळकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील ओहायो संस्थानात ट्रॉय गावच्या हॉबर्ट कंपनीतील हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरने १९०८ मध्ये एका भटारखान्यात लोखंडी चमच्याने पावाचे पीठ ढवळणारा माणूस पाहिला, आणि त्यातून त्याला यंत्र सुचले अशी हकीकत सांगतात. पहिले यंत्र भटारखान्यांसाठी होते, सुमारे पंचाहत्तर लिटरच्या भांड्याचे. अमेरिकन नौदलाने ते आपल्या जहाजांवर घेतले, आणि १९१९ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती किचनएड या नावाने बाजारात आली. ती तीस किलोंच्या आसपास वजनाची होती व किंमत १८९ डॉलर ५० सेंट, म्हणजे सामान्य गृहिणीने दुरूनच पाहावी अशी. इंग्लंडात केनेथ वुड यांनी १९५० मध्ये केनवुड शेफ आणला. या साऱ्यांचे मर्म एकच: आकडा स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी भांड्याच्या मध्याभोवतीही प्रदक्षिणा घालतो, ज्यामुळे भांडे स्थिर राहूनही कडेचे पीठ सुटत नाही.

मुंबईच्या घरात ही यंत्रे फार उशिरा आली, याचे कारण आपल्या गरजा निराळ्या होत्या. सीमेन्स कंपनीत इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणाघाटणाखाली जळाला, आणि त्यातून माथुरांनी १९६३ मध्ये स्वतःची कंपनी काढून पुढे ‘सुमीत’ घराघरांत पोहोचवला, ही कथा आता औद्योगिक इतिहासाचा भाग झाली आहे. तिच्यातून घेण्याजोगा मुद्दा असा, की परदेशी यंत्र वाईट नव्हते. ते ज्या कामासाठी घडवले गेले होते ते काम भिजवलेली डाळ आणि सुके खोबरे वाटण्याचे नव्हते. स्टँड मिक्सरच्या बाबतीत आज हीच चूक उलट दिशेने होताना दिसते. तो केकच्या सैल मिश्रणासाठी आणि बेताच्या ब्रेडसाठी घडवलेला असताना त्याच्यात दीड किलो चक्कीच्या आट्याची घट्ट कणीक टाकली जाते, आणि मग ‘एवढे महाग घेतले, पोळ्यांची कणीकसुद्धा मळत नाही’ अशी कैफियत मांडली जाते.

अंधेरी पूर्वेच्या एका गल्लीत, जेथे घरगुती उपकरणे दुरुस्त होतात अशा एका अरुंद दुकानात, याचा पुरावा मी बाकावर उघडलेला पाहिला. यंत्राचे डोके उलटे करून त्याचे झाकण काढलेले होते. आत राखाडी ग्रीसचा लगदा एका बाजूला सरकून साचलेला, आणि त्याच्यातून सुटलेले तेल आकडा बसवण्याच्या दांड्यापर्यंत उतरून आलेले. फार दिवस बंद ठेवलेल्या यंत्रात मुंबईच्या उकाड्याने हे होते, आणि मग पहिल्या दिवशी कणकेवर एक काळपट थेंब पडतो. दुकानाच्या मिस्त्रींनी चिमट्याने जे चाक बाहेर काढले ते पितळी झाकेचे, रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोडे मोठे होते. त्याच्या परिघाच्या एका भागातले दाते जणू कानशीने घासून टाकावेत तसे सपाट झाले होते आणि त्यांचा सोनेरी चुरा ग्रीसमध्ये चमकत होता. हे चाक मुद्दाम मऊ धातूचे केलेले असते. आकडा अडला आणि मोटार फिरतच राहिली, तर मोटार जळण्याऐवजी हे चाक झिजावे, अशी ती तजवीज आहे. मालकीणबाईंनी मोटार कमजोर निघाली असा निष्कर्ष काढून यंत्र आणले होते. प्रत्यक्षात मोटारीला काहीच झाले नव्हते.

त्याच दुकानात दुसरी एक शिकवण मिळाली, ती वॅटविषयी. खोक्यांवर ‘१२००’, ‘१५००’ असे ठळक आकडे छापलेली यंत्रे आता स्वस्तात मिळतात, आणि पावणेपाच लिटरच्या भांड्याच्या नामांकित अमेरिकन यंत्रावर मात्र ३०० वॅट लिहिलेले पाहून गिऱ्हाईक बुचकळ्यात पडते. वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते हे सांगतो. ती वीज चाकांमधून उतरून आकड्यापर्यंत किती पीळ बनून पोहोचते आणि किती नुसती उष्णता होते, याविषयी तो मौन पाळतो. खरेदी करताना चाके धातूची आहेत की प्लास्टिकची, आणि मळण्यासाठी पिठाची कमाल मर्यादा किती दिली आहे, हे विचारावे. त्या मर्यादेच्याही अर्ध्यावर राहावे हे माझे मत, आणि मिस्त्रींचेही.

उपनगरांतला खास प्रश्न विजेच्या दाबाचा आहे. बाहेरगावी स्थायिक झालेल्या मुलीने किंवा मुलाने अमेरिकेहून आणलेले यंत्र येथे पुष्कळ घरांत आहे, आणि ते १२० व्होल्टचे असते. मुलुंडला वीज महावितरणची येते, अंधेरी-बोरिवलीला १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बीएसईएसच्या आजच्या वारसदार कंपनीची. पुरवठादार कोणीही असो, भिंतीतून बाहेर येतात ते २३० व्होल्टच. नुसता पिनेचा आकार जुळवणारा अडॅप्टर लावून असे यंत्र सुरू केले तर ते एखाद्या मिनिटात धूर सोडते. आवृत्ती साठऐवजी पन्नास हर्ट्झ असल्याचे या ब्रशवाल्या मोटारीला फारसे जाणवत नाही, दाब मात्र सोसत नाही. सबब दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तो यंत्राच्या वॅटइतकाच नव्हे तर त्याच्या किमान दुपटीचा, कारण अडलेल्या कणकेला ढकलताना मोटार छापील आकड्याहून अधिक वीज ओढते. याहून दुर्लक्षित बाब अर्थिंगची. बहुरूपी अडॅप्टरांत तिसऱ्या पिनेचा संबंध अनेकदा नुसता दाखवण्यापुरता असतो, आणि यंत्राचे अंग धातूचे, ओटा ओला, पावसाळ्यात भिंत दमट, अशा ठिकाणी ती तिसरी तारच काय ते रक्षण करते. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे उपकरण घराच्या बोर्डावर नसेल, तर यंत्र घेण्याआधी ते बसवून घ्यावे.

बोरिवलीत घरी ब्रेडचे वर्ग घेणाऱ्या एका बाई आपल्या शिष्यिणींना पहिला तासभर यंत्राला हात लावू देत नाहीत, थर्मामीटर देतात. मला ही पद्धत प्रथम पंडिती वाटली. परंतु त्यांचा हिशेब समजून घेतल्यावर, या साऱ्या विषयाची गुरुकिल्ली त्यातच आहे असे दिसून आले. मळून झालेल्या पावाच्या कणकेचे तापमान २४ ते २६ अंश असावे असा दंडक आहे. २६ धरले तर त्याची तिप्पट ७८. त्यातून स्वयंपाकघराच्या हवेचे तापमान, पिठाचे तापमान आणि मळताना घर्षणाने वाढणारी उष्णता वजा करायची, उरेल ते पाण्याचे तापमान. युरोपातल्या वीस अंशांच्या खोलीत हे पाणी कोमट-थंडच्या सीमेवर येते. मे महिन्यातल्या बोरिवलीत हवा ३२, डब्यातला मैदा ३१, यंत्राचे घर्षण साधारण १३. बेरीज ७६, उरले २. म्हणजे पाणी जवळजवळ बर्फाचे हवे. परदेशी कृतींत ‘कोमट पाणी घ्या’ असे लिहिलेले असते आणि आपण ते श्रद्धेने घेतो, तेथेच पुढच्या सगळ्या अनर्थांचा आरंभ होतो.

कारण असे घडते. कोमट पाण्याने भिजवलेली कणीक यंत्रात तीस अंशांच्या वर जाते. यीस्ट अवेळी उसळते, ग्लुटेन सैलावते, कणीक चिकट होऊन भांड्याला धरते. बाईंच्या शब्दांत, कणीक ‘रडायला लागते’. मळणारी तिला सुधारण्यासाठी मूठमूठ मैदा टाकते. आता ती घट्ट होते, गोळा आकड्यावर चढून डोक्याच्या दांड्यापर्यंत जातो, यंत्र गुरगुरत ओट्यावर सरकू लागते. ते पडेल म्हणून एक हात त्याच्या डोक्यावर, आणि चढलेली कणीक खाली ढकलावी म्हणून दुसरा हात उलथन्यासकट भांड्यात. अपघात होतो तो या क्षणी. त्याची मुळे मात्र पंधरा मिनिटांपूर्वी नळाखाली धरलेल्या तांब्यात असतात. म्हणूनच यंत्राची खबरदारी आणि कणकेची मशागत ही दोन निरनिराळी प्रकरणे नव्हेत, असे मला वाटते. जे हाताला धोक्याचे ते जवळजवळ नेहमी पावालाही वाईट असते.

त्या वर्गात पाहिलेली मळण्याची रीत येथे नोंदवतो. ५०० ग्रॅम मैदा फ्रिजमधून काढलेला, ३२० मिलिलिटर गार पाणी. दोन्ही भांड्यातच उलथन्याने एकत्र केले, कोरडे पीठ दिसेनासे होण्यापुरते, आणि झाकून पाऊण तासाहून थोडे कमी तसेच ठेवले. या विश्रांतीचे शास्त्र रेमों काल्वेल या फ्रेंच प्राध्यापकांनी १९७४ मध्ये मांडले: पिठाला पाणी पिऊ दिले की ग्लुटेनचे जाळे हात न लावताच विणले जाऊ लागते आणि पुढे मळण्याचा वेळ घटतो. आपण पोळ्यांची कणीक मुरायला ठेवतो तेच हे. मग मीठ व यीस्ट घालून डोके खाली केले, त्याची कडी लागल्याचे हाताने हलवून पाहिले, आणि मगच प्लग बोर्डात गेला. उलट क्रम बाई खपवून घेत नाहीत. वेग दुसरा, त्यापुढे नाही. यंत्राखाली रबरी चटई, आणि ओट्याच्या कडेपासून वीतभर आत. चार मिनिटांत गोळ्याने कड सोडली, तळाशी मात्र थोडा चिकटून राहिला, आणि भांड्यावर त्याचे थपाथप पडणे ऐकू येऊ लागले. बाईंनी यंत्र बंद करून दहा मिनिटे सोडून दिले, यंत्राच्या डोक्यावर तळवा टेकवून ते कोमट आहे की भाजते ते पाहिले, आणि पुन्हा तीन मिनिटे चालवले. कड खरवडायची वेळ आली तेव्हा बटण बंद करून त्या थांबल्या नाहीत. प्लग काढून वायरीचे टोक ओट्यावर समोर दिसेल असे ठेवले. शेवटी तुकडा ताणला, खिडकीकडे धरला, उजेड दिसला. थर्मामीटर २५ च्या किंचित वर होता.

प्लगविषयीचा हा हट्ट अनाठायी नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, ग्रिडमधील बिघाडाने मुंबई महानगर प्रदेशाची वीज गेली. उपनगरांतल्या काही भागांत ती परत यायला पुष्कळ तास लागले. तो टाळेबंदीचा काळ, घरोघरी ब्रेड करून पाहण्याची लाट आलेली, वाण्याकडे यीस्ट मिळेनासे झालेले. अशा वेळी मळता मळता यंत्र थांबले, तर माणूस सहजच हात भांड्यात घालतो; पण खटक्याचे बटण असलेले यंत्र वीज गेल्याने ‘बंद’ होत नाही, ते नुसते थांबते, आणि वीज आली की कोणाला न विचारता जेथून सोडले तेथून सुरू होते. काही आधुनिक यंत्रांत हे टाळण्याची योजना असते. आपल्यात ती आहे की नाही याची परीक्षा रिकाम्या भांड्याने, भिंतीवरचा खटका खालीवर करून एकदा घेऊन ठेवणे बरे.

त्याच लाटेतून पुष्कळ गृहिणींचा छोटा व्यवसायही उभा राहिला. अन्नसुरक्षा कायद्याखाली अत्यल्प शुल्काची नोंदणी करून घाटकोपर-मुलुंडच्या सोसायट्यांतून दर शनिवारी पाव आणि फोकाचिया यांच्या ऑर्डरी जाऊ लागल्या. नोंदणीचा अर्ज भांड्यांच्या व पाण्याच्या स्वच्छतेविषयी विचारतो, यंत्र सलग किती वेळ चालवणार याविषयी नाही. घरगुती यंत्रावर एकामागून एक सहा घाणे काढले की पहिल्या दोन घाण्यांचा पाव उत्तम, पुढच्यांची कणीक यंत्राच्याच उष्णतेने गरम, आणि सहाव्या घाण्याला मोटारीचा वास. घाण्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती परवडत नसेल, तर घरगुती यंत्र धंद्याला पुरे पडत नाही हे कबूल करून भटारखान्याचे, संरक्षक जाळी असलेले लहान स्पायरल मिक्सर घ्यावे. त्याची जाळी उचलली की यंत्र थांबते, आणि कारखान्याच्या कायद्याने आग्रह धरलेले कुंपण त्या रूपाने घरात येते. मदतीला येणाऱ्या मावशींना यंत्र पुसायला सांगण्याआधी प्लग काढून दाखवणे हे मात्र मालकिणीचेच काम. त्यांना पुस्तिका कोणी वाचून दाखवलेली नसते. कच्च्या पिठाची चव लहान मुलांना देऊ नये, हेही येथेच सांगून टाकतो. मैदा दिसतो निर्मळ, पण तो शिजवलेला नसतो आणि त्यातून पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात.

शेवटी फराळाविषयी अंधेरीच्या मिस्त्रींनी दिलेली खबर नोंदवून ठेवतो. त्यांच्याकडे दाते गेलेली यंत्रे सर्वांत अधिक येतात ती दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात, आणि त्यांचा गुन्हेगार पाव नसून शंकरपाळी असते. तूप, साखर आणि मैदा यांचे ते पीठ पाण्यावाचून दगडासारखे घट्ट; ब्रेडच्या कणकेत शंभर भाग मैद्याला साठ-पासष्ट भाग पाणी असते, येथे त्याचा निम्माही ओलावा नसतो. चकलीच्या भाजणीत तर ग्लुटेन नाहीच, त्यामुळे तेथे आकड्याला करण्यासारखे काही उरत नाही. उकड गार झाल्यावर सपाट पात्याने, पहिल्या वेगावर, थोडी थोडी घ्यावी. शंकरपाळ्यांसाठी तूप, साखर व दूध यांचे मिश्रण आणि निम्मा मैदा एवढेच यंत्रात फिरवावे, उरलेला मैदा परातीत घेऊन हाताने आत घ्यावा, गोळा ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा, आणि लाटण्याआधी खलबत्त्याच्या दांड्याने किंवा तळहाताच्या टाचेने तिंबून घ्यावा.